पाण्याचा पाचवा ग्लास

माझ्या नातीच्या एका वहीत दारूची भाषा आहे. शब्द इंग्रजी, पण लिहिलेले आपल्या अक्षरात, म्हणून मलाही वाचता आले. मी चौथी शिकलो. आमची चौथी पक्की होती. वर्तमानपत्र मी अजूनही पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो.

नातीने बालाघाटातच हॉटेलच्या कामाचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि बैहरच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका रिसॉर्टातून तिला मुलाखतीला बोलावणं आलं. काम काय, तर पाहुण्यांना टेबलावर जेवण आणि दारू नेऊन देणं. ते ऐकलं आणि सूनबाईच्या हातून तव्यावरची पोळी जळाली. पोरीच्या जातीने दारू वाढायची? माझा मुलगा नागपुरात कामाला असतो. तो फोनवर म्हणाला, बाबा म्हणतील तसं. म्हणजे पोरीने जायचं की नाही हे माझ्यावर आलं. या घरात शेवटचा शब्द माझा असतो, आणि मी तो लवकर देत नाही.

म्हणून आधी वही वाचायला घेतली. वाचता वाचता गुंतलोच. एक ग्लास मागायला इतके शब्द लागतात हे मला माहीत नव्हतं. स्मॉल वेगळा, लार्ज वेगळा. पाणी घालून, सोडा घालून, काहीच न घालता, प्रत्येकाचं बोलणं वेगळं. ऑन द रॉक्स म्हणजे बर्फावर ओतलेली. रॉक म्हणजे दगड, हे मला खाणीतल्या साहेबांमुळे ठाऊक होतं. भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत माझी सगळी नोकरी गेली. बर्फाला दगड म्हणणाऱ्याने दगड कधी फोडला नसावा. ऑन द हाऊस म्हणजे मालकाकडून फुकट. आम्हाला कोणी फुकट पाजली की आम्ही समजायचो, निवडणूक आली.

एक पान नुसतं चढण्याचं होतं. टिप्सी, मग मेरी, मग हाय, मग ड्रंक, आणि त्याच्याही खाली दोन शब्द, जे माझ्या तोंडात बसले नाहीत. मला मौज वाटली. आमच्याकडेही अशाच पायऱ्या होत्या. आधी सुरूर, मग लागली, मग चढली, मग टुन्न, आणि शेवटी आडवा. दुपारभर ओसरीत बसून मी त्यांच्या पायऱ्या आणि आमच्या पायऱ्या शेजारी शेजारी लावत होतो. जवळपास सारख्याच भरल्या. साहेब लोकही आमच्यासारखेच एकेक पायरी उतरतात, फक्त कपडे चांगले घालून, असं दिसलं.

नात आली तेव्हा मी त्या पानावर बोट ठेवून विचारलं, यातल्या कोणत्या पायरीवर तू माणसाले थांबवतेस?

ती हसली. "थांबवायचं कशाले, आबा? गेस्ट है वो."

मी वही पुन्हा चाळली. द्यायची, विचारायची, आणखी हवी का म्हणायची वाक्यं पानोपानी होती. नाही म्हणायचं एकही नव्हतं.

मग मी जाहीर केलं की मुलाखत आधी घरात होईल आणि ती मी घेईन. खाटेजवळ स्टूल ठेवलं, तांब्याभर पाणी, स्टीलचे ग्लास. नात खांद्यावर नॅपकिन टाकून उभी राहिली. चांगली बोलत होती पोरगी. गुड इव्हनिंग सर काय, व्हॉट वुड यू लाईक सर काय. पहिला ग्लास मी साहेबासारखा ताठ बसून घेतला. दुसऱ्याला जरा रेललो. तिसऱ्याला जीभ जड केली. चौथ्याला मी खाणीतल्या एका जुन्या मुकादमाला शिव्या घालायला लागलो, चप्पल पायातून निसटू दिली आणि उठताना खांब धरला. हे सगळं मला शिकावं लागलं नाही. अंगात होतंच.

सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. ती या घरात आली त्याच्या आधीच माझी दारू सुटली होती. तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं.

"मामाजी, तुमी पेले का?"

पाणी आहे म्हणून सांगितलं, तरी तिने ग्लास उचलून वास घेतला. मग घोटभर पिऊन पाहिलं. मग दारातच उभी राहिली.

मी पाचवा मागितला. नात म्हणाली, "सर्टनली सर," आणि भरला.

मी ग्लासावर हात ठेवला. "नापास. जायचं नाही तुले."

पोरगी चिडली. पाणीच तर आहे, आबा, म्हणाली, पाण्याले काय नाही म्हणू?

"पाणी आहे हे तुले माहीत होतं. पण तू माझ्याकडे पाहूनच नाही राह्यली. वहीतलं आठवून राह्यली."

मग मी तिला ते सांगितलं जे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या कॉलनीमागे एका बाईची मोहाची भट्टी होती. तिच्याकडे तोंडाने मागायची गरज नसे, बोट वर केलं की पुरे. पण एका हद्दीनंतर ती म्हणायची, सायकल स्टँडवरून काढ आणि पुन्हा लाव. आम्ही सगळे सायकलवाले. सायकल सरळ उभी राहिली तर आणखी एक मिळायची. पडली तर नाही, आणि सायकल तिच्या अंगणातच राहायची. आपण पायी घरी. एकदा चार माणसांसमोर माझी पडली. ती म्हणाली, आता बस, सायकल मग नेजो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवस मी सायकल आणायला गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो तर चेनला तेल घातलेलं होतं. मी एक शब्द बोललो नाही. त्यानंतर दुसऱ्या भट्टीवर जायला लागलो, जिथे कोणी कोणाला अडवत नसे. तिथूनच एकदा पिऊन निघालो, बायकोला बाजारातून घ्यायला गेलो, आणि कॅरिअरवर बसलेल्या बायकोसकट नाल्यात पडलो.

आजीचं उजवं मनगट वाकडं होतं, हे नातीने लहानपणी पाहिलं होतं. विहिरीवर घसरली, असंच सगळ्यांना माहीत होतं. बायकोनेच तसं सांगितलं होतं आणि शेवटपर्यंत तेच सांगितलं. त्या मनगटाने तिने जन्मभर पोळ्या लाटल्या.

सूनबाई दारातून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातीनेच स्टूल मांडलं. कोर्सच्या मॅडमला फोन करून तिने वाक्य आणलं होतं. या वेळी तिसऱ्या ग्लासालाच ती माझे पाय पाहायला लागली. चौथ्यानंतर ग्लास ट्रेमध्ये उचलून घेतला.

"सॉरी सर, आय कॅनॉट सर्व यू एनी मोअर. मे आय ब्रिंग यू सम वॉटर?"

मी मालकाला बोलाव म्हणालो. ती म्हणाली, बोलावते, सर. मी स्टुलावर हात आपटला, तुझी नोकरी घालवतो म्हणालो, तिच्या सात पिढ्या काढल्या, म्हणजे माझ्याच. ती जागची हलली नाही. ट्रे तेवढा मागे घेतला. आणि खरं सांगतो, पोटात फक्त पाणी असूनही मला तीच तिडीक आली, भट्टीवालीच्या अंगणातली. तेव्हा मी ओळखलं की वाक्य बरोबर आहे.

सूनबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "जाऊ द्या तिले, मामाजी."

शेवटचा शब्द माझा असतो, म्हणून मग मीही तेच म्हणालो.

मुलाखतीत यातलं काहीच विचारलं नाही. काटा कोणत्या हाताला, चमचा कोणत्या हाताला, एवढंच. मला त्याचा रागच आला. पण पोरीला घेतलं. उकव्यावरून जाणाऱ्या बसने ती गेली.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी तिचा फोन आला. आदल्या संध्याकाळी एका पाहुण्याला तिने ते वाक्य म्हटलं होतं. तो खूप बोलला. मॅनेजर आला आणि तिच्या बाजूने उभा राहिला. पण आता तो पाहुणा नाश्त्याला बसलाय, तर तिच्याकडे पाहतही नाही.

"नाही पाहणार तो," मी म्हणालो. "मी चार दिवस गेलो नव्हतो."

"मग मी काय करू, आबा?"

मला त्या चेनचं तेल आठवलं. त्याला इंग्रजीत काय म्हणतात, मला माहीत नाही.

"त्याले चहा विचार. इंग्रजीत विचार."

"तेवढं येते मले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.