भांडायला बोलावणाऱ्या वहिनी

"शहाळं बाहेर ठेवा, आणि ते रडकं तोंडही," असे म्हणत दारात हात आडवा धरणाऱ्या एक वहिनी आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या गल्लीत राहत.

त्यांचे यजमान लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, डायलिसिस सुरू झाले, आणि हा गडगडाटी माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. एके दिवशी म्हणाला, "आता मला नेऊ नका." डायलिसिसला न जाणे म्हणजे काय, हे वाचकांस सांगायला नको.

भेटीस येणाऱ्यांचे वर्तन आपणही पाहिले असेल. प्रत्येकाच्या हातात शहाळे, जे या रुग्णास डॉक्टरांनी स्पष्टपणे वर्ज्य केले होते. माझ्या मते हा सदोष मनुष्यवधाचा प्रयत्नच. त्यानंतर याच आजाराने गेलेल्या मेव्हण्याची साद्यंत हकीकत, आणि निघताना, "तुम्ही मात्र खूश राहा हं!"

वहिनींनी यजमानांना मनाच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा गल्लीने सुनावणीविनाच निकाल दिला: वेड लागले. "किडनीची गोळी चालते, मनाची घेतली की वेडा?" वहिनी गॅलरीतून साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत्या झाल्या.

मी संतापून त्यांच्या दारावर लावण्यासाठी कलमवार सूचना लिहून नेली. त्यांनी ती न वाचताच बाजूला ठेवली.

"काका, तुम्ही महापालिकेशी भांडता, पोस्टाशी भांडता. आता यांच्याशी भांडा ना! सगळे मयताला आल्यासारखे हळू बोलतात इथे."

मी आत जाऊन जाहीर केले, की भरीत हे मूळचे आमच्या वऱ्हाडचे. त्यांच्या खानदेशाने त्याचा बेकायदा ताबा घेतला आहे.

पाठ हलली नाही.

"तुमच्या वांग्याला चवच नाही. म्हणून तर एवढी मिरची," मी पुढे रेटले.

"तुमले काय समजस?" भिंतीकडून अहिराणीत गर्जना झाली.

दुसऱ्या दिवशी वाद ऐन रंगात आला असता वहिनींनी डायलिसिसला जायला खाली रिक्षा आणून उभी केली. "भांडायचं तर रिक्षात भांडा. मला घर झाडायचंय." वऱ्हाडी मिरचीचा उद्धार करीत ते जिना उतरले. घर तसेच टाकून वहिनीही रिक्षात चढल्या.

रोज जमले असे नाही. काही दिवशी माझी सारी विधाने त्या पाठीवर आपटून परत आली. अशा वेळी वहिनी मुकाट्याने त्यांचे पाय चेपत बसत. मला म्हणत, "आज तारीख पडली, काका. उद्या या."

पुढे आजाराने त्यांना नेलेच. वहिनी अमळनेरकडे भावाच्या घरी गेल्या. मला मात्र दवाखान्यातली एक दुपार आठवते. यजमानांचा एक हात यंत्राला जोडलेला, आवाज टिपेला. वहिनी स्टुलावर, भिंतीला डोके टेकून, तोंड किंचित उघडे. मी माझा सर्वांत भक्कम पुरावा मांडणार, तोच त्यांनी मोकळा हात वर केला.

"हळू, काका. ती झोपलीय."