पाचरींच्या जागी हवा

सासूबाई गेल्यानंतर सासरे आमच्याकडे गोत्रीला राहायला आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "जावईबापू, मला काहीतरी काम सांगत जा. लेकीच्या घरी बसून खाल्लेलं पचत नाही."

मी हसून म्हणालो, "बाबा, हे तुमचंच घर आहे."

त्यांनी जे मागितले होते त्याचे हे उत्तर नव्हते. हे मला फार उशिरा कळले.

त्यांच्या पिढीत मुलीच्या घरी पाणी पितानाही माणसे संकोचत. पण त्यांना मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी, आणि ती माझी पत्नी. आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात सुतारखात्यात काम केलेला हा माणूस पंचाहत्तरीच्या पुढे जावयाच्या दारी आला होता. सकाळी सहाला उठून दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते तयार होत आणि मग कुठे जायचे हे न सुचून दिवाणखान्यात बसत.

मी एका कारखान्यात उपकरण विभागात नोकरी करतो. छंद म्हणून घराच्या पार्किंगमध्ये मी एक लहान सीएनसी राऊटर उभारला होता. संगणकावर नक्षी आखायची, आणि यंत्राचे फिरते पाते ती प्लायवूडवर कोरून काढते. नातेवाइकांसाठी दारावरच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या असे काहीबाही मी रविवारी करत असे. कोरताना लाकूड तसूभरही हलता कामा नये, आणि ते धरून ठेवणे हीच माझी रडकथा होती. एका रविवारी सासरे शेजारी येऊन उभे राहिले. लाकूड वरून दाबून धरणारे माझे क्लॅम्प पाहून म्हणाले, "हे पात्याच्या वाटेत येणार. पाचरी लावू का?"

त्यांनी बाभळीच्या लाकडाच्या पाचरी स्वतः तासल्या. टेबलावर कडेने पट्ट्या ठोकायच्या, मध्ये लाकूड ठेवायचे आणि पट्टी व लाकूड यांच्या फटीत दोन्ही बाजूंनी पाचरी हळूहळू ठोकत न्यायच्या. प्रत्येक ठोक्यानंतर ते बोटाने लाकूड वाजवून पाहत. त्या दिवसापासून रविवारचे ते काम त्यांचे झाले. पत्नीने मला सांगितले, "बाबा शनिवारी विचारतात, उद्या किती नग आहेत म्हणून." दुपारी ते पोळी मागून घेऊ लागले. हे मी पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र लावला नव्हता.

पाचरी लावायला त्यांना अर्धा तास लागे. मी मोबाईलकडे पाहत उभा राही. शिवाय पातळ प्लाय कडेने घट्ट बसली तरी मध्ये किंचित फुगते, आणि कोरीव खोली कमीजास्त होते. एकदा चालू कामात एक पाचर निसटली, लाकूड सरकले, पाते तुटले आणि जवळजवळ पुरी झालेली जाळी वाया गेली. त्यांचा चेहरा उतरला. "माझी चूक," ते म्हणाले.

"असू द्या बाबा. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" मी म्हणालो. आतून मी संतापलो होतो. हाताखालच्या माणसाला मी त्या वेळी चार शब्द सुनावले असते. पण ते सासरे होते, मी जावई होतो. आमच्यात कधी आवाज चढला नव्हता. मी राग गिळला, आणि त्याच आठवड्यात निर्वाताने लाकूड धरणारे टेबल बांधायला घेतले.

कल्पना सोपी आहे. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या, जाड फळीवर चौकटींसारखे चर कोरायचे, मधोमध एक भोक पाडून खालून पाईप जोडायचा आणि पाईपला जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावायची. चरांमधली हवा ओढली गेली की बाहेरची हवाच वरच्या लाकडाला दाबून धरते. क्लॅम्प नको, पाचरी नकोत. लोकांना मी सांगत असे की हे सासऱ्यांसाठी चालले आहे, या वयात त्यांनी वाकून ठोकाठोक करणे बरे दिसत नाही. हे अगदीच खोटे नव्हते, म्हणून ते मला स्वतःलाही सहज पटले.

तीन रविवार ते माझ्याबरोबर होते. चरांच्या कडा त्यांनीच पॉलिश पेपरने घासल्या. पहिल्या चाचणीत ओढ दाखवणाऱ्या गेजचा काटा जेमतेम हलला. मी पाईपचे जोड तपासत बसलो. ते आत गेले, देवघरातून पेटती उदबत्ती घेऊन आले आणि ती फळीच्या कडेजवळून हळूहळू फिरवू लागले. एका ठिकाणी धुराची रेघ वाकली आणि फळीच्या अंगात शिरली.

"हे बघा," ते म्हणाले, "ही फळी कडेने श्वास घेतेय. कडा बंद करा तिच्या."

कडांना त्यांनीच वार्निशचे तीन हात दिले. चौथ्या रविवारी काटा सरसर वर गेला. मोटर घरघरत होती. मी सहा मिलिमीटरची प्लाय टेबलावर ठेवली आणि ती दबून गच्च बसली. त्यांनी दोन्ही हातांनी ती ओढून पाहिली. हलली नाही.

"वा," ते म्हणाले. "घट्ट धरलंय."

मी फार खुशीत होतो. प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवून मी म्हणालो, "आता तुम्ही वाकायचं नाही. नुसतं इथं बसून बघायचं."

ते बसले. शेजारचे गुजराती गृहस्थ स्कूटर काढत होते. त्यांनी नेहमीच्या थट्टेच्या सुरात हाक मारली, "केम काका, आजे रजा?"

"रजा नाही, पेन्शन," सासरे हसून म्हणाले. आम्ही तिघेही हसलो.

पुढच्या रविवारी ते थोडा वेळ खुर्चीत बसले आणि उठून आत गेले. त्यानंतर ते पार्किंगमध्ये आले नाहीत. मग बस धरून खंडेराव मार्केटला जायचे त्यांनी सुरू केले. मेथी, वाल, पापडी अशा पिशव्या घेऊन घामाघूम परतत. मी म्हणालो, "एवढ्या रहदारीत कशाला, बाबा? भाजी दारावर येते." तेही बंद झाले. जेवताना दुसऱ्यांदा वाढायला गेले की ते ताटावर हात आडवा धरू लागले. एक दिवस म्हणाले, "हरणीचं माझं जुनं घर बंद राहिलं तर वाळवी लागेल. थोडे दिवस जाऊन राहतो." मी त्यांना गाडीने हरणीला सोडले आणि वाटेत डॉक्टर, औषधे, मोलकरीण यांविषयी काळजीने बोलत राहिलो. जा म्हणालो नाही, थांबाही म्हणालो नाही.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "रेल्वेने त्यांना एकदा रिटायर केलं होतं. दुसऱ्यांदा तुम्ही केलंत." तिच्या आवाजात राग नव्हता.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. पाते तुटले त्या दिवशी मी रागावलो असतो तर बरे झाले असते. कामाच्या माणसाला रागावतात, पाहुण्याला नाही. "बाबा, उजवीकडची पाचर ढिली होती, लक्ष द्या," एवढे म्हटले असते तर ते दुखावले असते, रात्रभर तळमळले असते, आणि पुढच्या रविवारी चार पाचरी जास्त घेऊन आले असते. मी त्यांना मान दिला आणि काम काढून घेतले.

पुढे एका नातेवाइकाने दारासाठी सुटी लाकडी अक्षरे मागितली, तेव्हा माझ्या टेबलाची मर्यादा कळली. हवेचा दाब क्षेत्रफळावर चालतो. मोठी प्लाय ते जखडून ठेवते. तळहाताएवढा तुकडा मात्र पात्याचा पहिला धक्का बसताच उडतो. दोन तुकडे भिंतीवर आपटले. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून पाहिली, तीही सुटली. लहान कामाला पाचरच हवी होती. ही सबब नव्हती, मला खरोखरच त्यांची गरज होती. त्याच संध्याकाळी मी हरणीला गेलो.

त्यांनी दार उघडले आणि लगबगीने खुर्चीवरचे वर्तमानपत्र उचलले. मी पाण्यासाठी उठलो तर म्हणाले, "बसा, बसा. तुम्ही जावई." चहा त्यांनी स्वतः केला. कप हातात घेताना मी सांगून टाकले, "बाबा, टेबल लहान तुकडे धरत नाही. अक्षरं उडतात. मला पाचरी लावता येत नाहीत. तुम्ही या."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग हसले, लहान मुलाची थाप ओळखून हसावे तसे.

"जावईबापू, माझ्या मनाला किती जपता!"

"नाही हो, खरंच अडलंय माझं."

"तुम्ही इंजिनिअर. मोटर जरा मोठी लावा. होईल." त्यांनी बशी पुढे केली. "बिस्किट घ्या. ओळखतो मी तुम्हाला. तुमच्यासारखा जावई मिळायला भाग्य लागतं."

मी आणखी दोनदा सांगितले. प्रत्येक वेळी ते अधिक मायेने नकार देत गेले. इतकी वर्षे मी त्यांच्याशी जे गोड बोललो होतो, त्याच्याशी माझे हे एकुलते एक खरे वाक्य हुबेहूब जुळत होते. मग त्यांनी ते वेगळे कसे ओळखावे? निघताना ते फाटकापर्यंत आले आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले.

पत्नी वाट पाहत होती. "काय म्हणाले?"

"येतील, बघू" हे शब्द सवयीने ओठांवर आले होते. मी ते परत घेतले.

"नाही येणार. मी खरं सांगितलं, त्यांना ते खरं वाटलं नाही."

"कसं वाटेल?" ती म्हणाली, आणि पाने वाढायला आत गेली.