त्याच्या नावाचं पाणी

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात वांगी निवडत होतो. माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडासाच लहान. डोळे भरून आले, हे खरंच. पण पिशवी घेऊन एसटीकडे चालताना मनात आलं ते असं, की आता गाव महिनाभर ह्याचंच कौतुक करणार... महिना कधीच उलटला, कौतुक चालूच आहे.

हे लहानपणापासूनचं. शाळेत उत्तर मी सांगायचो, वर्ग हसायचा तो त्याच्या बोलण्यावर. माझ्या लग्नात माझी बायको पहिल्यांदा हसली तीही त्याच्याच विनोदावर. माझा जळफळाट व्हायचा आणि त्याला तो कळायचा, म्हणून तो आणखी चेकाळायचा.

दोन हजार सालानंतर आमच्या नाल्याकाठी बजरीची, म्हणजे बारीक खडीची, खदान आली. खड्ड्यात झिरपलेलं पाणी मोटारी लावून उपसायचे, त्यानंच बजरी धुवायचे आणि ते गदळ पाणी पुन्हा नाल्यात सोडायचे. आमच्या मोहल्ल्यातल्या विहिरी खाली गेल्या. उरलं ते ताकासारखं पांढुरकं. मी तहसीलच्या चकरा सुरू केल्या. मनोहर झाडाखाली पत्ते पिसत ओरडायचा, "कायले चपला झिजवून राहिलास गा? बस, एक डाव खेळ!"

मग खदान वाढवायची म्हणून ग्रामसभेची संमती घ्यायला गोंदियाहून मॅनेजर साहेब आले. सभेत मी विहिरींबद्दल घसा बसेपर्यंत बोललो. साहेब मोबाइल पाहत होते. सभा उठल्यावर मनोहर पुढं झाला. "साहेब, घर जवळच आहे, चहा घेऊन जा."

अंगणात खाट टाकली. चहाआधी पाणी, ही रीत सगळ्यांकडचीच. एरवी आम्ही ते फडक्यातून गाळून, निवळू देऊन प्यायचो. त्या दिवशी मनोहरनं विहिरीतून काढलेलं तसंच गडव्यात भरून दिलं. साहेबांनी आत पाहिलं आणि हात थांबला. आम्ही बौद्ध. नाही म्हणावं तर त्या घरचं पाणी नाकारल्यासारखं होणार, आणि अंगणात अर्धं गाव उभं. "घ्या ना साहेब," मनोहर हसत म्हणाला, "आमच्याच हिरीचा पानी आहे."

"हाँ हाँ, क्यों नहीं," म्हणत साहेबांनी डोळे मिटून गडवा रिकामा केला.

"और लाऊँ?" मनोहरनं विचारलं. कुणीच हसलं नाही.

खदान वाढवण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. खदानवाल्यांनी बजरी धुण्याच्या पाण्यासाठी वेगळा खड्डा खणला, गाळ तिथंच बसू लागला, उपसाही कमी झाला. पुढच्या पावसाळ्यानंतर विहिरी निवळल्या. इतक्या चकरा मी मारल्या आणि एका गडव्यात तो जिंकला! मला हे का सुचलं नाही, ह्याचा राग अजून गेलेला नाही. त्याला एकदा बोलूनही दाखवला. म्हणाला, "तुले भाषण येते ना गा, मले कुठं येते?" त्यावरही चिडलोच.

मनोहरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे त्या पाण्याबद्दलच बोलले. माझ्या चकरांचं नाव कुणी काढलं नाही. मी उठलो, माझी बाजू सांगणार होतो, पण "आमचा मनोहर" एवढंच म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं. तेही होतंच...

आता घरी कुणी आलं की माझी बायको पाणी पुढं करताना म्हणते, "घ्या, आमच्या भाऊजींचा पानी आहे." विहीर माझी, दोर माझा, ओढणारा मी. रोज तेच पाणी पितो. गोड लागतं, हाच तर राग आहे.