रुमालाखालचा सौदा

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. अमरावतीच्या आमच्या मुरमाच्या मैदानावर मुलींच्या बास्केटबॉलच्या दोन तुकड्या होत्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. सकाळच्या तुकडीची कॅप्टन मी. जूनमध्ये नव्या मुली आल्या की दोघी कॅप्टननी आळीपाळीनं एकेक निवडायची, आणि दिवाळीनंतर वाटलं तर आपसात अदलाबदल करायची, अशी तिथली रीत. खेळाचे मास्तर त्यात पडत नसत.

माझ्या तुकडीत माझी जिवाची मैत्रीण होती. उंच, लांब हाताची. चेंडू तिच्या हातून सुटला की जाळीतच जायचा. तिची आई बाजारात भाजी विकायची. त्या वर्षी अकोल्याला सामने होते आणि पाळी सकाळच्या तुकडीची होती. आई पोरीला गावाबाहेर पाठवायला तयार नव्हती. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे संगं असंन तरच जाय." आणि अकोल्यासाठी तिनं नवं पोलकं शिवायला घेतलं.

आता माझं डोकं बघा कसं चाललं. मैत्रीण मॅट्रिकला, मी एक वर्ग मागं. म्हणजे उन्हाळ्यात मॅट्रिक होऊन ती मैदान सोडणार आणि माझी तुकडी रिकामी होणार. संध्याकाळच्या तुकडीत दोन लहान पोरी होत्या, तीन वर्षं तरी टिकतील अशा. मी त्यांचे पंजे पाहिले, पावलं पाहिली, एकीच्या आईची उंचीसुद्धा विचारून घेतली! माझे वडील बैलबाजारात बैल पारखायचे, तशी मी पारखत होते.

सौदाही तसाच केला. बाजारात रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरतो, ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या कॅप्टनला मी आधीच शिकवून ठेवलं, बोट म्हणजे पोरगी, अंगठा म्हणजे जूनमधली पहिली निवड. मैदानाच्या कडेला बसून आम्ही हातांवर टॉवेल टाकला. तिनं माझं एक बोट दाबलं. मी नकाराची मान हलवली. मग दोन. मी अंगठा पुढं केला, तर ती हात काढून घ्यायला लागली. मी सोडला नाही.

मैत्रीण शेजारीच दाणे खात बसली होती. हसून म्हणाली, "काहून व, कोणता बैल घेऊन राहिल्या?"

"तुले काय करायचं?" मी म्हटलं.

"पाहून घेजो बाप्पा, लंगडा नको निंगाले!"

आणि टॉवेलाखाली माझा अंगठा दाबला गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी संध्याकाळच्या तुकडीत तिचं नाव वाचलं तेव्हा तिला कळलं, बैल कोण ते. ती नुसती माझ्या हाताकडे पाहत राहिली.

मी सगळ्यांना पुढच्या सालाचं गणित सांगितलं. खरं होतं ते, पण अर्धंच. सगळं मैदान तिच्या नावानं ओरडायचं, कॅप्टन असून माझ्याकडे कोणी बघायचं नाही. आणि संध्याकाळच्या तुकडीत गेली की अकोलं तिचं गेलंच, आणि मी संगं नसले तर तिची आई तिला दुसरीकडेही कुठं पाठवणार नाही, हे मला सौदा करतानाच ठाऊक होतं. विसरले होते म्हणायची सोय नाही.

अकोल्यात आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. परत आल्यावर धीर करून तिच्या घरी गेले. आई मेथी निवडत होती.

"ये व माय. कोपराले काय झालं?"

"पडली, मावशी."

"बरं झालं तुमचं अकोलं यंदा रद्द झालं. थंडी किती हाय! पोलकं ठेवलं म्या पेटीत. पुढल्या साली जाजा दोघी."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती खाली मान घालून मेथीची पानं खुडत होती. माझं नाव आईपुढं खराब होऊ नये म्हणून तिनं अकोलंच रद्द करून टाकलं होतं. तिला पुढलं साल नव्हतं, तेही आईला तिनं सांगितलं नव्हतं.

खरं बोलायला गेले होते मी. तोंडातून निघालं, "हो मावशी. पुढल्या साली."

मैत्रीण दारापर्यंत आली. हळूच विचारलं, "दोघी पोट्ट्या कशा खेयल्या?"

"बऱ्या खेयल्या."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि मेथी निवडायला आत गेली.