मॅडमची चांदी, माझी हळद

भिशीत सगळ्या जणी सासूचे किस्से सांगतात. माझ्याकडे सासू नाही, मॅडम आहेत. लेकीच्या गाइड. रेवा पीएचडीला लागल्यापासून त्यांचे किस्से घरात इतके साठलेत, की अधूनमधून कुणाला तरी वाटावेच लागतात.

*

रेवाचं काम चांदीचं. ऐकून मी खूश झाले होते. पण ही चांदी डोळ्यांना दिसतच नाही. काचेच्या चिपवर चांदीचे बारीकात बारीक कण बसवायचे, वर लेसर सोडायचा. मग नरखेडच्या संत्र्याच्या सालीवर फवारलेल्या औषधाचा अंश जरी उरला असला, तरी कॉम्प्युटरवर त्याची रेघ उठते म्हणे. रेवाच्या चिपवर काही केल्या उठेना. पोरगी जेवेना. मी सोमवार धरले.

रेवाचे बाबा म्हणाले, "पाहा बरं, रेघ उठली तर मॅडमचं नाव, अन् नाही उठली तर तुह्या उपासाचं."

*

माझ्या वरणाला रेवा फार तर "मीठ बरोबर आहे" म्हणते. मॅडमनी एकदा डब्यातली करपलेली पोळी दिली, तर घरी येऊन सांगते, "किती दमतात गं त्या, तरी स्वतः करतात."

मी देवघरातल्या महादेवाकडे पाहिलं. पुढची पोळी जरा जास्तच भाजली.

*

एकदा संत्र्याची बर्फी घेऊन लॅबमध्ये गेले. चपला बाहेर, डोक्याला टोपी, हातात मोजे, कशाला शिवायचं नाही. माझ्या देवघरात हीच पोरगी कालचे पायमोजे घालून घुसते!

*

खंडेनवमीला विळी, शिलाई मशीन, स्कूटर, सगळं पुजलं. टेबलावर रेवानं लॅबमधून घरी आणलेली चिपची डबी होती. आतल्या चिपलाही हळदीचं बोट लावलं आणि कुणाला कळू नये म्हणून पदरानं पुसून टाकलं.

दसरा झाल्यावर सोमवारी मॅडमचा फोन. आयुष्यात पहिल्यांदा.

"ताई, रेवाच्या चिपला हात लावला होता का तुम्ही?"

उपासाच्या दिवशी खोटं कसं बोलणार? "हळद लावली होती," मी म्हटलं. "पण पुसली."

पलीकडे कोणीतरी हुंदके देत होतं.

"पुसलेली हळद दिसून राहिली, ताई. रेघ उठली. पहिल्यांदाच." मग मॅडमचा आवाज जरा बारीक झाला. "ग्राफवर नमुन्याचं नाव टाकावं लागते. मी रेवाला म्हटलं, हळद लिही. ऐकूनच नाही राहिली माझं. 'आई' लिहिलं तिनं."