पडवीतले तीन दिवस

मुलांनो, मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा कारखाने नुकतेच येऊ लागले होते. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या शेतकरी घराच्या पडवीवर उघडे. तिथली सून पन्नाशीची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तेव्हा पाळी आली की कावळा शिवला म्हणत आणि बाईला तीन दिवस चुलीला हात लावायची बंदी असे. ही दर महिन्याला पडवीत पोत्यावर बसे, तेही जहागीरदारणीच्या ऐटीत.

एकदा पौषातल्या थंडीत ती सुपाने वारा घेत होती.

“उकडतंय का हो?” मी चिडवलं.

“अंगाचा भडका होतोय, बाई. रातभर डोळा न्हाई. पाळी जाऊन वरीस झालं.”

“मग बाजूला कशाला बसलात?”

“हळू बोला! पाळी गेली म्हणून तीन दिस बी घालवू व्हय?”

तेवढ्यात तिच्या सासूबाई बाहेर आल्या. सुनेकडे संशयाने पाहत मला म्हणाल्या, “तुमी इंग्रजी शिकलेल्या. ह्या वयात बी कावळा शिवतो व्हय?”

सुनेच्या हातातलं सूप थांबलं.

“कुणाकुणाला शिवतो,” मी गंभीरपणे म्हणाले. “आणि या वयात विश्रांती जास्तच लागते.”

यातलं दुसरं वाक्य अगदी खरं होतं. सासूबाई आत गेल्या आणि सूप पुन्हा हलू लागलं.

तुमच्या आईचं आता ते वय आलं आहे. ती उगाच चिडेल, पहाटे घामाने जागी होईल. तेव्हा उलट बोलू नका, तिला डॉक्टरकडे न्या, चहा तुम्ही करा. विश्रांतीसाठी तिला कावळ्याची वाट पाहायला लावू नका.