अप्पांच्या गाडीतली खडखड

आमच्या अप्पांनी आयुष्यात कुणाला "काय म्हणालास?" असं विचारलं नाही. समोरच्याचं बोलणं संपलं की मान हलवून म्हणायचे, "चालंल." निम्मं आयुष्य कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान कितीसे उरणार? पण कबूल करतील तर शपथ! एकदा शेजारच्या हळदीला स्पीकर कुठं लावायचे म्हणून पोरं विचारायला आली. अप्पांनी "चालंल" म्हटलं आणि डीजे आमच्याच अंगणात, आमच्याच खिडकीला टेकून उभा राहिला. काकीच्या मांडणीवरची भांडी नाचत होती आणि अप्पा ओटीवर घोरत होते.

अप्पा म्हणजे माझे थोरले काका. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. काल्हेरला त्यांचा छोटासा लूमचा कारखाना होता. धंदा बसला, लूम भंगारात गेले आणि त्या जागेवर गोडाऊन उभं राहिलं. हातात पैसा आल्यावर लोक घरावर मजला चढवतात. अप्पा ठाण्याला गेले आणि लाल रंगाची, दोन सीटची, जमिनीला टेकलेली जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. "जवानीन बघून ठेवलेली," एवढंच म्हणाले. काकीनं एकदा गाडीला प्रदक्षिणा घातली आणि जाहीर केलं, "बसाया गेलं तं गुडघे तोंडाला लागतान. त्या डब्यान मी न्हाय बसाची."

मी खारबावला शाळेत शिकवते. लहर आली की अप्पा मला त्या गाडीतून सोडायचे. एक दिवस गाडीत काहीतरी खडखडायला लागलं. मी सांगितलं. "चालंल," अप्पा म्हणाले. मी ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली, माझ्या ओठांकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "रस्ता खराब हाय, बाय." रस्ता खराब होताच, पण रस्ता काही आमच्या गाडीच्या आत वाजत नव्हता!

हे नितीनदादाच्या कानावर गेलं. दादा म्हणजे अप्पांचा मुलगा, आधीच वैतागलेला. तो अप्पांसमोर उभा राहिला आणि एकेक शब्द तोडून म्हणाला, "अप्पा, मागून कंटेनरवाला हॉर्न देऊन देऊन थकतो आणि तुम्ही वरातीसारखे मधून चालता. आता स्वतःची गाडी वाजतेय तेपण कळत नाही तुम्हाला. चावी द्या." अप्पांना हे मात्र पहिल्या फटक्यात समजलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. चावी बंडीच्या खिशात खोल ढकलून ते म्हणाले, "आवाज मी शोधून काढतू. न्हाय सापडला, तं चावी तुझी." त्या माणसाला गाडीशिवाय दुसरी हौस नव्हती हो.

गॅरेजवाल्यानं विचारलं, "चाचा, आवाज टर्न मारते टाइम आता है या ब्रेक पे?" अप्पा म्हणाले, "चलेगा." बिचाऱ्या गॅरेजवाल्यानं स्वतः चालवून बघतो म्हणून चावी मागितली, तर अप्पा देईनात. आवाज कुठून येतो यापेक्षा कधी येतो ते कळायला हवं होतं, आणि तेच अप्पांना सांगता येत नव्हतं. मग त्यांनी घरातल्या एकेकाला शेजारी बसवायला सुरुवात केली. "चल, आवाज शोधाया." मी म्हटलं मागून येतो, दादा म्हणाला खालून येतो, माझ्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, म्हणाले इंजिन गेलं. आम्ही सगळे बसल्या जागी घसा फोडायचो, पण गाडी चालवताना अप्पा आमच्या ओठांकडं बघणार कसे? दर वेळी ते घरी परतायचे आणि सरळ पाय धुवायला जायचे. एकदा तर दादानं गाडीला गिऱ्हाईकही आणलं.

गिऱ्हाईक गेलं आणि काकी पदर खोचून उठली. "चला, मी येतू." लुगडं सावरत, त्या गाडीला आणि ती बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत ती आत बसली. पूर्वी कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायला बसायची. त्या गोंगाटात हाक मारून उपयोग नसायचा. कुठं धागा तुटलेला दिसला की ती येऊन अप्पांच्या दंडावर हात दाबायची. गाडीतही तिनं तेच केलं. अप्पांच्या गिअरवाल्या हातावर हात ठेवला आणि खडखड झाली की दाबला. राहनाळपर्यंत जाऊन येईस्तोवर अप्पांना उमगलं होतं. गाडी उजवीकडं वळली की हात दाबला जात होता, एरवी नाही. गॅरेजवाल्यानं डावा दरवाजा उघडला, तर त्याच्या पोकळीत कुणीतरी कधीकाळी विसरलेला गंजका पाना घरंगळत होता. "एवढूसा मेला पाना, नि घरभर बोंब!" काकी म्हणाली.

परत येताना पहिल्याच वळणावर अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा, आपल्याला न ऐकू येणारं, तिला विचारलं, "गेला का गं आवाज?" हे काकीनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले. घरी आल्यावर अप्पा दादाला म्हणाले, "मना ऐकू येत न्हाय. पन ही शेजारी आसंल तरच चालवीन." दादानं गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवून टाकलं. त्यानंतर मागून ट्रकनं हॉर्न दिला की काकीचा हात दाबला जायचा आणि लाल गाडी शहाण्या मुलीसारखी बाजूला व्हायची.

मग काकी आजारी पडली आणि बघता बघता गेली. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर अप्पांनी आपणहून चावी दादाच्या हातात ठेवली. दादाला रडू आवरेना. तो अप्पांसमोर गुडघ्यावर बसून म्हणाला, "राहू द्या ना अप्पा. मी बसतो शेजारी." मीही म्हटलं, मी बसते. अप्पांनी आमच्या दोघांचे ओठ निरखले. सगळं समजलं होतं त्यांना. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी हात लावाल गं बाय. पन मना तिचाच हात कळतो."